अनुदानाची यादी चावडीवर वाचली पाहिजे

शेतकऱ्याच्या नांवानें सरकारी खजिन्यांतून दरसाल कोट्यवधि रुपये निघतात. अतिवृष्टीचें अनुदान, गारपिटीचें अनुदान, पीकविमा, केंद्र सरकारचे सहा हजार, राज्य सरकारचे सहा हजार, ठिबकाचें, अवजारांचें, बियाण्याचें. नांवें मोजूं गेलें तर हाताचीं बोटें पुरत नाहींत. शहरांतले लोक हें ऐकून म्हणतात कीं शेतकऱ्याची आतां चैन आहे. खेड्यांतल्या बाया मात्र विचारतात, "एवढा पैसा निघतो तर तो जातो तरी कोठें?" या दोन बोलण्यांपैकीं खरें कोणतें, आणि जें खरें त्यावर उपाय काय, हें आज आम्ही आपल्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें मांडणार आहों.

आधीं एक गैरसमज दूर करूं. "अनुदान" या शब्दांत "दान" आहे, म्हणून पुष्कळांस वाटतें कीं सरकार आपल्याला भीक घालतें. शेतकरी खताच्या गोणीवर कर भरतो, फवारणीच्या औषधावर भरतो, डिझेलवर भरतो, पोरीच्या सायकलीवर भरतो. लोहार लोखंडावर भरतो, सुतार पटाशीवर भरतो. खजिना भरतो तो या सगळ्यांच्या घामानें. शिवाय सरकार एका हातानें देतें तेव्हां दुसरा हात काय करतो तेंही पाहावें. २०२५ च्या ऑगस्टांत परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठविण्यांत आली आणि ती सवलत त्या सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यांत आली. म्हणजे आमच्या मंठा-परतुरचा कापूस वेचणीला यावा आणि त्याच वेळीं बाहेरचा कापूस गिरणीवाल्यांस मोकळा व्हावा. त्याच हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये असा कागदावर होता. मोंढ्यांत मात्र त्याहून पुष्कळ कमी भावानें माल घालून लोक घरीं गेले. अशा रीतीनें जें आधीं काढून घेतलें, त्यांतलें थोडें परत देणें याला दान म्हणत नाहींत. विदर्भ-मराठवाड्यांतल्या कारखान्यांस २०१६ पासून विजेच्या दरांत सवलत देण्यांत आली. जालन्याच्या लोखंडी कारखान्यांनींही ती घेतली. त्या सवलतीला कोणी भीक म्हटलें नाहीं, "प्रोत्साहन" म्हटलें. मग शेतकऱ्यानेंच मान खालीं कां घालावी?

तेव्हां हा पैसा हक्काचा आहे हें ठरलें. आतां तो येतो कसा तें पाहूं. पाऊस किंवा गारा पडून पीक गेलें म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहाय्यक या तिघांनीं बांधावर जाऊन पंचनामा करावयाचा असतो. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर नांव यादींत घ्यावयाचें. यादी तहसिलींत जाते, तेथून संगणकावर चढते, आणि मंजुरी मिळाल्यावर पैसा बँकेच्या खात्यांत पडतो. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत पुरानें हाहाकार झाला. शेतेंच्या शेतें खरवडून गेलीं. त्यानंतर ७ ऑक्टोबर रोजीं राज्य सरकारनें ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पिकांसाठीं दर असा होता: कोरडवाहूस हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीस १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांस २२,५००; रब्बीच्या बियाण्यासाठीं व इतर कामासाठीं हेक्टरीं आणखी १०,०००; आणि हें सर्व तीन हेक्टरांपर्यंत.

हा हिशेब प्रत्येकानें घरीं मांडून पाहावा. हेक्टर म्हणजे अडीच एकर. ज्याचें दोन एकर कोरडवाहू सोयाबीन गेलें, त्याचें क्षेत्र ८० आर. ८,५०० च्या दरानें त्याचे ६,८०० रुपये होतात, आणि रब्बीचे १०,००० च्या दरानें ८,००० होतात. एकूण १४,८००. चौथीपांचवीच्या मुलाला येणारें हें गणित आहे. परंतु आमचा अनुभव असा कीं, आपल्या खात्यांत किती यावयास पाहिजे होते हें शंभरांत दहा घरेंसुद्धां मांडून पाहत नाहींत. जें आलें तें आलें म्हणून लोक गप्प बसतात. नवीन जालन्याच्या मोंढ्यांत अनुदान जमा झाल्याची बातमी शेतकऱ्याच्या आधीं उधारी देणाऱ्या दुकानदाराला लागते. शेतकऱ्याला मात्र आपली रक्कम बरोबर कीं कमी हें ठाऊक नसतें. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यांत बियाण्याची कंपनी काढली, तेव्हांपासून हें गांव बियाण्यासाठीं देशभर ओळखलें जातें. बियाण्याच्या पिशवीवरचा लहान अक्षरांतला मजकूर वाचावयास आपण शिकलों. आपल्या नांवावरच्या पैशाचा कागद वाचावयास कां शिकूं नये?

आणि न वाचल्यानें काय होतें, हें पाहावयास लांब जावयास नको. आमच्याच जिल्ह्यांतले अंबड आणि घनसावंगी हे दोन तालुके घ्या. २०२२ ते २०२४ या सालांत अतिवृष्टि, गारपीट अशा कारणांनीं तेथें अनुदान आलें. २०२५ सालीं जिल्हाधिकाऱ्यांनीं नेमलेल्या समितीनें याद्या तपासल्या, तेव्हां काय निघालें तें वर्तमानपत्रांत आलेलेंच आहे. ज्यांच्या नांवें शेत नाहीं त्यांचीं नांवें यादींत. एकाच माणसाला दोनदां पैसा. असेल त्याहून वाढविलेलें क्षेत्र. एवढेंच काय, सरकारी जमीनसुद्धां कोणाच्या तरी नांवें पिकलेली आणि बुडालेली! त्यावरून कित्येक तलाठी निलंबित झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टांत अंबडच्या पोलीस ठाण्यांत सुमारें २५ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. त्यांत दोषी कोण आणि निर्दोषी कोण हें न्यायालय ठरवील. तें काम आमचें नव्हे. परंतु २५ कोटी म्हणजे किती, हें सांगणें आमचें काम आहे. वर सांगितलेल्या ६,८०० च्या हिशेबानें दोन एकरवाल्या ३६ हजारांहून अधिक घरांचा तो पैसा होतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें अशी म्हण आहे. येथें तर दळणाऱ्याला आंधळें ठेवण्याचीच व्यवस्था आहे.

विचार करा, हीं खोटीं नांवें ओळखणें इतकें का अवघड होतें? गांवांत कोणाला किती शेत आहे, कोणाच्या बांधाला कोणाचा बांध लागतो, गारा कोणत्या शिवारांत पडल्या आणि कोणतें शिवार कोरडें राहिलें, हें शेळ्या राखणाऱ्या पोरालाही माहीत असतें. जिल्ह्याच्या कचेरींतल्या साहेबाला तें माहीत नसतें, आणि संगणकाला तर मुळींच नसतें. त्याच्यांत जें घालावें तेंच तो बाहेर काढतो. ज्यांना सर्व माहीत आहे त्या गांवकऱ्यांपुढें ती यादी पैसा वाटण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचली असती, तर खोट्या नांवाला चावडीवरच हंशा पिकला असता. समिती नेमावयास तीन वर्षें लागलीं नसतीं. म्हणून आमचें सर्व म्हणणें एका वाक्यांत असें आहे: शेतकऱ्याच्या नांवानें निघणाऱ्या प्रत्येक पैशाची यादी, नांव, गट नंबर, क्षेत्र, पीक आणि रक्कम यांसह, पैसा वाटण्यापूर्वीं गांवांत वाचली गेली पाहिजे आणि भिंतीवर लागली पाहिजे.

आमच्या चळवळीला हा प्रश्न नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यांत सत्यशोधक समाज काढला आणि १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला. त्यांत दुखण्याचें मूळ त्यांनीं दाखविलें तें हेंच कीं शेतकऱ्याला लिहितां वाचतां येत नाहीं, म्हणून कागद ज्याच्या हातीं तो शेतकऱ्याचा धनी होतो. १९१८ सालीं कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं कुळकर्णी वतनें काढून टाकलीं आणि पगारी तलाठी नेमले, तें याच कारणानें. आमचा मुलुख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. तेथें पटवाऱ्याचें दप्तर म्हणजे गांवचें नशीब. तें दप्तर गेलें, वतनदारी गेली. आतां तलाठी परीक्षा देऊन येतो, आणि तो पुष्कळदां आपल्याच घरांतला, कुणब्याचा, माळ्याचा, धनगराचा, वंजाऱ्याचा, दलिताचा मुलगा असतो. याचा आम्हांस अभिमान आहे. त्यासाठींच तर वडिलांनीं शाळा काढल्या, बोर्डिंगें काढलीं, मूठमूठ धान्य गोळा केलें.

परंतु येथेंच एक कडू गोष्ट बोलणें भाग आहे. कुळकर्ण्याची खुर्ची आपल्याकडे आली म्हणजे कुळकर्ण्याची खोड आपोआप गेली असें होत नाहीं. पूर्वीं दप्तर बांधून ठेवून लोकांस नाडीत. आतां संगणकाचा परवलीचा शब्द खिशांत ठेवून नाडतात. आपल्या जातीचा म्हणून चोराला पाठीशीं घालणें, आणि दुसऱ्या जातीचा म्हणून चांगल्या माणसावर चिखल उडविणें, हीं दोन्ही कामें सत्यशोधकाचीं नव्हेत. शिवाय अपहार एकट्या लेखणीनें होत नाहीं. पैसा खात्यांत पडतो, आणि खातें कोणाचें तरी असतें. ज्यांच्या खात्यांत असा पैसा पडला ते कांहीं आभाळांतून उतरले नव्हते. कोणत्या ना कोणत्या गांवांत ते राहतात, लग्नाकार्यांत आपल्या पंगतीला बसतात. "सरकारचा पैसा, त्यांत कोणाचें काय जातें" असें म्हणून जो आपलें खातें दुसऱ्याला वापरूं देतो, तो शेजाऱ्याच्या ताटांतली भाकरी उचलतो. हें त्याला त्याच्या तोंडावर सांगण्याची हिंमत गांवानें केली पाहिजे.

कोणाचें काय जातें म्हणाल, तर एक रुपयाच्या पीकविम्याचें उदाहरण ध्यानांत घ्या. २०२३ च्या खरिपापासून राज्यांत शेतकऱ्यानें एक रुपया भरावा आणि बाकीचा हप्ता सरकारनें भरावा अशी योजना होती. लगेच कोणी सरकारी जमिनीवर विमा काढला, कोणी देवस्थानाच्या जमिनीवर, कोणी परक्याच्या शेतावर. असे अर्ज उघडकीस आले, बोभाटा झाला, आणि २०२५ च्या खरिपापासून सरकारनें ती योजनाच बंद केली. सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विम्याच्या रकमेवर २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता पुन्हां शेतकऱ्यावर आला. इतकेंच नव्हे, तर नुकसान ठरविण्याची रीतही आंखडली. पूर्वीं एकट्या शेतांत पाणी शिरलें किंवा कापून ठेवलेलें पीक भिजलें तरी तक्रार करतां येत असे. त्या हंगामांत सारा भार पीक कापणी प्रयोगावर ठेवला गेला. आणि नेमका त्याच सप्टेंबरांत पूर आला! चोर सोडून संन्याशाला सुळावर देणें तें हें. ज्यानें खोटा अर्ज केला तो आपली कमाई घेऊन मोकळा झाला. ज्यानें कधीं खोटें केलें नाहीं त्याचा आधार गेला. खोट्या नांवाचा दंड खरें नांव भरतें, हा नियम समजावा.

आतां यादीच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. खोटीं नांवें आंत शिरतात त्याइतकाच मोठा अन्याय म्हणजे खरीं माणसें बाहेर राहतात. सरकारचा पैसा सातबाऱ्यावरच्या नांवाला जातो, शेतांत राबणाऱ्या हाताला जात नाहीं. केंद्राची सहा हजारांची योजना २०१९ च्या २४ फेब्रुवारीस सुरू झाली. तिचा आधार जमिनीची नोंद. राज्यानें २०२३ पासून आपले सहा हजार त्याच नांवांस जोडले. मग दुसऱ्याचें शेत बटईनें करणारा, बियाणें स्वतःचें घालणारा, तो कोठें आहे? पीक बुडालें तर त्याचें बुडालें, आणि अनुदान आलें तर मालकाचें आलें. गायरानाचा तुकडा दोन पिढ्या कसणारीं दलित आणि भूमिहीन घरें कोठें आहेत? त्यांच्या घामाची नोंद आहे, पण ती कागदावर नाहीं. सासऱ्याच्या नांवावर शेत, नवरा वारलेला, आणि सर्व शेत एकटी बाई ओढते. तिचें नांव कोठें आहे? २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, तें चांगलें केलें. परंतु वारस लावतांना भावांचीं नांवें लागतात आणि बहिणींचीं व विधवांचीं गळतात, असें होऊं नये म्हणून गांवानें डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. फुल्यांच्या घरांत सावित्रीबाई होत्या हें आपण जयंतीला सांगतों. सातबाऱ्यावरही तें दिसूं द्या.

आणि आमचे कारागीर? सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचें पूर्वीं खळ्यावर बलुतें होतें. पीक आलें तर त्यांचें पोट भरे. बलुतें गेलें, पण पिकाशीं बांधलेलें नशीब गेलें नाहीं. सोयाबीन वाहून गेलें त्या वर्षीं तिफण दुरुस्तीला येत नाहीं, चपला शिवून घेतल्या जात नाहींत, लग्नें पुढें ढकललीं जातात. शेतमजुराची वेचणीची मजुरी जाते. या नुकसानीचा पंचनामा कोणी करीत नाहीं. २०२३ च्या १७ सप्टेंबरला केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंद्यांतील कारागिरांसाठीं अवजारांस १५,००० रुपये, आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजानें कर्ज असें तिचें स्वरूप आहे. तिच्या अर्जाची पहिली तपासणीही गांवच्या पंचायतींतच होते. म्हणजे येथेंही प्रश्न तोच: पंचायतीनें कोणाचें नांव पुढें पाठविलें, तें लोकांपुढें वाचलें कां? खरा भाता फुंकणारा लोहार मागें आणि हातांत हातोडा न धरलेला पुढें, असें झालें असेल तर तें कळण्याची जागा गांव हीच आहे. तेव्हां शेतकऱ्यांच्या यादीसाठीं कारागिरानें उभें राहावें, आणि कारागिरांच्या यादीसाठीं शेतकऱ्यानें. दोघांचा चोर एकच आहे.

यादी मोठ्यानें वाचणें हें आम्ही कांहीं स्वप्नांतलें सांगत नाहीं. राजस्थानांत १९९४ सालीं मजदूर किसान शक्ति संघटनेनें पाली जिल्ह्यांत कोट किराणा येथें पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामाचीं बिलें आणि मजुरांचे हजेरीपट गांवकऱ्यांपुढें वाचून दाखविले. अशा सुनावण्यांत कधीं मेलेल्या माणसानें मजुरी घेतल्याचें निघे, कधीं न झालेल्या कामाचे पैसे उचलल्याचें निघे. आणि हें ओळखणारे लोक बहुतेक निरक्षर होते! वाचणारा एक असला तरी ऐकणारे सर्व होते, आणि ऐकणाऱ्यांना सत्य ठाऊक होतें. त्या चळवळीच्या रेट्यांतून पुढें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्या कायद्याच्या चौथ्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, अनुदानाच्या योजना कशा चालतात, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, ही माहिती कोणी न मागतां सरकारी कचेरीनें आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. म्हणजे आम्ही मागतों ती मेहेरबानी नव्हे. वीस वर्षांपासून कायद्यांत असलेलें कर्तव्य आहे. परदेशाचें पाहावयाचें तर अमेरिकेंत कोणत्या काउंटींत, म्हणजे आपल्याकडच्या तालुका-जिल्ह्यासारख्या भागांत, कोणत्या शेतकऱ्याला सरकारचा किती पैसा गेला, याचे १९९५ पासूनचे आंकडे एका संस्थेनें कायद्यानें मिळवून लोकांपुढें ठेवले आहेत. तेथेंही त्यामुळेंच उघड झालें कीं लहान शेतकऱ्याच्या नांवानें निघालेला पैसा बहुतांशीं मोठ्या शेतवाल्यांच्या घरीं जातो. पैसा कोठें जातो हें दिसल्यावांचून तो वळवितां येत नाहीं, हें तिकडचे लोक शिकले, तें आपणही शिकावें.

कोणी म्हणतील, तलाठ्यावर आधींच कामाचा डोंगर आहे. एकेकाच्या सज्जांत कित्येक गांवें, पुराच्या वेळीं रात्रंदिवस पंचनामे, त्यांत वाचनाचें काम कशाला? हा भार खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतों. पुरांत गुडघाभर चिखलांतून फिरून खरे पंचनामे करणारे तलाठी आम्हीं पाहिले आहेत. लोक त्यांचीं नांवें घेतात. परंतु दोनशें नांवांची यादी वाचावयास तासभर पुरतो. गांवचा मास्तर वाचील, शाळेंतली सातवीची पोर वाचील. शिवाय प्रामाणिक तलाठ्याला या वाचनाचा सर्वांत मोठा फायदा आहे, कारण उद्यां कोणी खोटा आळ घेतला तर सबंध गांव त्याचा साक्षीदार होईल. दुसरे म्हणतील, नांवानिशीं रक्कम वाचली तर माणसाची लाज जाईल. हक्काच्या पैशांत लाज कसली? ज्याचें शेत खरोखर बुडालें त्याला तें सांगावयास संकोच नाहीं. संकोच होईल तो ज्याचें कोरडें राहिलें त्याला. बँकेचा खातेक्रमांक आणि आधाराचा आंकडा मात्र वाचूं नये, भिंतीवरही लावूं नये. त्यानें दुसऱ्याच चोराची सोय होईल.

आतां काय करावयाचें तें थोडक्यांत सांगतों. गांवांत ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवसांच्या सुमारास भरण्याची वहिवाट आहे. पुढची सभा येईल तेव्हां दहा शेतकरी आणि पांच कारागीर यांच्या सहीनें सरपंचाकडे अर्ज द्यावा कीं, आमच्या गांवच्या अनुदानाच्या याद्या सभेंत वाचल्या जाव्यात, चावडीवर आणि शाळेच्या भिंतीवर लावल्या जाव्यात, आणि तसा ठराव व्हावा. अर्जाची पोंच घ्यावी. पोंच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेली भिंगरी. ठराव नाकारला तर तोही लिहून मागावा. यादी मिळत नसेल तर तहसिलींत माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज टाकावा. सभेला बायांनीं यावें. मागें उभें न राहतां पुढें बसावें. बटईदारानें आपला करार कागदावर मागावा, आणि मालकानें अनुदानांतला त्याचा वांटा त्यांत लिहून द्यावा. तोंडी शब्द पाऊस पडल्यावर धुऊन जातो.

आणि घरचें काम तर अगदींच सोपें आहे. एक वही करावी. तींत आपला गट नंबर, क्षेत्र, पेरलेलें पीक, पीक पाहणी केल्याची तारीख, पंचनाम्याची तारीख, जाहीर झालेला दर, आणि खात्यांत आलेली रक्कम लिहावी. ती वही घरांतल्या शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं द्यावी आणि तिला हिशेब मांडावयास सांगावें. पीक पाहणी आपल्या मोबाइलवरून आपणच करावी, दुसऱ्याच्या भरंवशावर टाकूं नये. सेवा केंद्रांत अंगठा लावण्यापूर्वीं कशासाठीं लावतों तें विचारावें, आणि मोबाइलवर आलेला आंकडा कोणाला सांगूं नये. अनुदानाची रक्कम कर्जाच्या खात्यांत वळवूं नये असे सरकारचे हुकूम वेळोवेळीं निघतात. तरी बँकेनें वळविली तर मुकाट्यानें परत न येतां लेखी तक्रार करावी.

शेतकरी बंधूंनो, पाऊस आपल्या हातीं नाहीं, कापसाचा भावही नाहीं. परंतु आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें वाचणें आपल्या हातीं आहे, आणि दीडशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं आपल्याला शाळेंत घातलें त्यांची इच्छा हीच होती. अंबड-घनसावंगीचा निकाल लागेल तेव्हां लागेल. तोंवर भोकरदनपासून परतुरपर्यंत जिल्ह्यांतल्या प्रत्येक गांवानें येत्या ग्रामसभेंत एकच मागणी करावी: यादी वाचा. ज्या गांवांत ती वाचली जाईल त्या गांवानें या पत्राला चार ओळी लिहून कळवावें, म्हणजे शेजारच्या गांवाला धीर येईल.

नवीन जालना.
एक खेड्यांतील शाळामास्तर